भाषाशिक्षकाच्या नोकरीसाठी 'टीचिंग फिलॉसॉफी' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषा शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. टीचिंग फिलॉसॉफी म्हणजे नक्की काय लिहायचं असतं? तत्त्वज्ञान वगैरे मला येत नाही.

यावं लागतही नाही. सगळा घोटाळा नावाने केलाय. माणसाला भाषा कशी येते याबद्दल तुमचं काय मत आहे, त्या मतामुळे तुम्ही वर्गात काय करता आणि ते लागू पडतंय की नाही हे तुम्हाला कशावरून कळतं, एवढ्या तीन गोष्टी एक-दोन पानांत लिहायच्या असतात. जाहिरातीत याला कधी 'टीचिंग स्टेटमेंट' म्हणतात, मराठीत 'अध्यापन-भूमिका' म्हणता येईल. पुढे नुसतं 'भूमिका' म्हटलं आहे.

तिघांतली मधली गोष्ट सगळ्यांत वजनदार. वाचणाऱ्याला तुमचा वर्ग दिसला पाहिजे : कोण बोलतंय, फळ्यावर काय आहे, कोणी चुकलं की तुम्ही काय करता. जे वाक्य जसंच्या तसं शेजारच्या अर्जात खपून जाईल, त्याचा तुमच्या अर्जाला काही उपयोग नाही.

२. हे सगळं कव्हर लेटरमध्ये येतंच की. मग वेगळा कागद कशाला?

कव्हर लेटर 'ही जागा मला का' ते सांगतं, सीव्ही 'आजवर काय केलं' ते सांगतो. 'कसं शिकवता आणि तसंच का' हे दोन्हींत मावत नाही. पदव्या, वर्षं, संस्थांची नावं भूमिकेत आली असतील तर खुशाल खोडा, ती सीव्हीत आहेतच. उलट, भूमिकेतलं एखादं नेमकं उदाहरण कव्हर लेटरमध्ये एका ओळीत डोकावलं तर चालतं.

जाहिरातीत मागितली नसेल तर जोडू नका. मात्र लिहून ठेवा. मुलाखतीत 'तुम्ही कसं शिकवता?' हा प्रश्न येतोच, आणि ज्याने आधी लिहून पाहिलंय त्याचं उत्तर पसरट होत नाही.

३. लांबी किती असावी? ऑनलाइन फॉर्ममध्ये मजकूर मध्येच तुटतो, ते का?

मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. दिली नसेल तर शाळा आणि भाषासंस्थांसाठी ५०० ते ८०० शब्द, विद्यापीठासाठी फार तर दोन पानं, म्हणजे १,००० शब्दांच्या आसपास.

तुटण्याचं कारण बहुतेक वेळा मोजणीत असतं. अनेक फॉर्म शब्द न मोजता कॅरॅक्टर मोजतात, आणि देवनागरीत काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण ही सगळी वेगवेगळी मोजली जातात. 'विद्यार्थी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, फॉर्मच्या हिशेबी तो दहा कॅरॅक्टरचा असतो. म्हणून आधी वर्ड प्रोसेसरमध्ये स्पेससकट कॅरॅक्टर मोजा, मर्यादेच्या आत थोडी जागा मोकळी ठेवा आणि पेस्ट केल्यावर शेवटचं वाक्य पूर्ण आलंय का ते पाहा. फाइल जोडायची असेल तर पीडीएफच जोडा, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं फुटणार नाहीत.

४. लिहायला बसलं की कागद कोराच राहतो. सुरुवात कुठून करू?

'माझा विश्वास आहे की…' इथून करू नका. तिथून सुरू केलं की पुढे सुभाषितंच सुचतात. आपल्याच पाठटाचणांकडून सुरुवात करा.

गेल्या दहा तासिकांची टाचणं समोर घ्या. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा : काय ठरवलं होतं आणि ऐन वेळी काय बदललं. तुमची खरी मतं या बदलांत सापडतात, कारण तिथे पुस्तक बाजूला ठेवून तुम्ही स्वतः काहीतरी ठरवलेलं असतं. त्यातून दहाएक निर्णय निघतील. मग प्रत्येकाला 'का?' विचारायचं, उत्तर आलं की पुन्हा 'का?'. तीनदा विचारलं की बहुधा तळ लागतो.

उदाहरणार्थ, निर्णय असा : ऑडिओ लावण्याआधी मी दोन प्रश्न फळ्यावर लिहितो. का? नाहीतर विद्यार्थी प्रत्येक शब्द पकडायला जातात आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचा धागा सुटतो. पण प्रत्येक शब्द पकडायचा प्रयत्न केला तर बिघडतं काय? बाहेर कोणी तसं ऐकत नाही. स्टेशनवरच्या घोषणेत माणूस आपल्या गाडीचा नंबर तेवढा ऐकतो. मत हाती आलं : ऐकणं हे काहीतरी शोधण्यासाठी असतं, म्हणून शोधायचं काय ते आधी ठरलेलं हवं. या एका मतावर अख्खा परिच्छेद उभा राहतो, आणि तो फक्त तुमचा असतो.

दहा निर्णयांतून तीन, फार तर चार मतं ठेवा. ठेवण्याआधी प्रत्येक वाक्य उलटं करून पाहा. 'मी विद्यार्थ्यांचा आदर करतो' हे उलटं करून 'मी अनादर करतो' असं कोणीच लिहिणार नाही, म्हणजे मूळ वाक्यातही काही सांगितलेलं नव्हतं. 'पहिले तीन आठवडे मी लिपी शिकवत नाही, फक्त बोलणं' हे मात्र उलटं करता येतं. पहिल्याच दिवशी लिपी शिकवणारे कितीतरी चांगले शिक्षक आहेत, आणि त्यांच्याकडे कारणंही आहेत. असं वाक्य ठेवा.

टाचणं काढून निर्णय लिहायला एक संध्याकाळ लागते. मग दोन दिवस कागद बाजूला ठेवून दुसऱ्या बैठकीत मसुदा लिहा. एका बैठकीत उरकलेला मसुदा हमखास गुळगुळीत निघतो.

५. परिच्छेदांचा क्रम कसा ठेवू?

७०० शब्दांचा हिशेब धरला तर : सुरुवातीला ८० शब्दांत एक प्रसंग किंवा एक ठाम मत. मग प्रत्येकी सुमारे १६० शब्दांचे तीन परिच्छेद, प्रत्येकात एक मत, त्यातून येणारी एक कृती आणि त्या कृतीची किंमत, म्हणजे तसं केल्याने काय सोडावं लागतं. नंतर १०० शब्द 'परिणाम कसा तपासतो' यावर (प्रश्न १३ पाहा). राहिलेल्या ४० शब्दांत तुम्हाला अजून न सुटलेली एखादी गोष्ट.

किंमत लिहायची लाज बाळगू नका. समितीत बसलेले लोक स्वतः शिकवतात. प्रत्येक उपायाचं काहीतरी बिल येतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि बिलाचा उल्लेखच नसला की त्यांना शंका येते.

६. 'विद्यार्थीकेंद्रित', 'आनंददायी', 'सर्वांगीण' हे शब्द वापरायचेच नाहीत का?

बंदी नाही. पण शब्द काढून घेतल्यावर खाली काही उरतं का, ते पाहा. हा नेहमी येणारा परिच्छेद :

'मी विद्यार्थीकेंद्रित पद्धतीने शिकवतो. माझ्या वर्गातील वातावरण आनंददायी व पोषक असते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजा लक्षात घेऊन मी विविध उपक्रम राबवतो.'

आणि तोच मुद्दा असा :

'माझ्या वर्गात वीसजण असतात. साठ मिनिटांतली तीस मी विद्यार्थ्यांना दिली आणि एकेकाने उभं राहून उत्तर दिलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. म्हणून रोज पंधरा मिनिटं जोड्यांत बोलणं असतं, त्यात प्रत्येकाला सुमारे साडेसात मिनिटं मिळतात. मी फिरत राहतो, मध्ये बोलत नाही, चुका वहीत टिपतो. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांतल्या तीन फळ्यावर येतात, कोणाचंही नाव न घेता. या पद्धतीत बऱ्याच चुका त्या दिवशी तशाच राहतात. सुरुवातीच्या स्तरावर मी ते चालवून घेतो, वरच्या स्तरावर नाही.'

दुसऱ्यात 'विद्यार्थीकेंद्रित' शब्द एकदाही आलेला नाही. एक सावधगिरी मात्र घ्या : आकडे तुमच्याच वर्गाचे हवेत. वरचे उचलून लिहिलेत तर 'जोड्या कशा लावता? विषम संख्या असली तर?' या पहिल्याच प्रश्नाला अडखळाल.

७. पद्धतींची आणि संशोधकांची नावं घ्यावीत का? घेतली नाहीत तर अभ्यास कमी वाटेल ना?

विद्यापीठासाठी एक-दोन घ्या. भाषासंस्थेसाठी एकही नसलं तरी चालतं. नाव घेतलं की त्याचं ओझंही घेतलं, हे लक्षात असू द्या.

नेहमी होणारी गल्लत अशी. अर्जदार स्टीफन क्रॅशनचं नाव घेतो आणि पुढच्याच परिच्छेदात 'मी आधी नियम समजावतो, मग सराव घेतो, प्रत्येक चूक लगेच सुधारतो' असं लिहितो. क्रॅशनचं म्हणणं नेमकं उलट होतं. समजेल अशी, पण सध्याच्या पातळीपेक्षा किंचित वरची भाषा भरपूर कानांवर-डोळ्यांवर पडली की ती येते, नियम पाठ करून येत नाही, असं तो म्हणतो. त्याच्याशी मतभेद असेल तर मेरिल स्वेनचा मुद्दा कामाला येतो. कॅनडात शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकणारी मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून ती छान समजत होती, पण बोलताना-लिहिताना व्याकरणात चुकत होती. त्यावरून १९८५ मध्ये तिने मांडलं की नुसतं समजणं पुरत नाही, स्वतः भाषा घडवावी लागते, कारण घडवताना आपल्याला काय येत नाही ते कळतं. यांतलं काहीही वापरा, फक्त तुमच्या तासिकेत ते कुठे दिसतं ते पुढच्याच वाक्यात सांगा.

'टास्क-बेस्ड' लिहिणाऱ्यांनी टास्क आणि सराव यांतला फरक तपासून घ्यावा. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरूच्या प्रकल्पात जे केलं, त्यात मुलं रेल्वेचं वेळापत्रक वाचणं, नकाशा पाहणं अशी कामं सोडवत आणि लक्ष भाषेपेक्षा उत्तराकडे असे. 'खालील रिकाम्या जागा भूतकाळाने भरा' हा टास्क नव्हे, ते स्वाध्याय आहे. दोन्हींना वर्गात जागा आहे, पण एकाचं नाव दुसऱ्याला देऊ नका.

'मी सर्व पद्धतींचा समन्वय साधतो' हे वाक्यही टाळलेलं बरं. कोणती पद्धत कधी आणि कशावरून निवडता हे पुढे आलं नाही तर त्याचा अर्थ 'मी काही ठरवलेलं नाही' असा लागतो.

आणखी एक, हे फार अर्जांत दिसतं : 'काही विद्यार्थी दृश्य, काही श्राव्य, काही कृतिशील असतात, त्यानुसार मी शिकवतो.' २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा विद्यार्थ्याच्या 'शैली'शी जुळवून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा सापडला नाही. चित्र, आवाज, हालचाल तिन्ही जरूर वापरा. फक्त 'सगळ्यांनाच तीन वाटांनी भेटलेला शब्द जास्त टिकतो' असं कारण द्या आणि विद्यार्थ्यांना खण पाडू नका.

८. व्याकरणाबद्दल काय लिहू? संस्थेला काय आवडतं तेच माहीत नाही.

त्यांची आवड ओळखायला जाऊ नका, अंदाज चुकतो. 'व्याकरण महत्त्वाचं आहे' किंवा 'मी व्याकरण शिकवत नाही' ही दोन्ही वाक्यं सारखीच निकामी आहेत. नियम आधी देता की उदाहरणं आधी, आणि कोणत्या नियमासाठी काय, हे लिहा. काही नियम उदाहरणांतून विद्यार्थी आपणहून काढतात, उदाहरणार्थ अनेकवचनाचा एखादा नियमित प्रत्यय. काही तसे निघत नाहीत. मराठी शिकणाऱ्याला 'मी वाचतो', पण 'मी पुस्तक वाचलं' आणि 'मी चिठ्ठी वाचली' यांत क्रियापद एकदम कर्माशी का जुळायला लागलं, हे वीस उदाहरणं देऊनही सापडत नाही. तिथे दोन मिनिटांत सरळ सांगून टाकणं बरं. असा फरक तुम्हाला करता येतो हे दिसलं की पुरे.

९. चुका सुधारण्याबद्दल वेगळा परिच्छेद हवाच का?

हवाच असं नाही, पण असला तर फायदा होतो. भाषाशिक्षकाची ओळख इथे जितकी पटकन पटते तितकी दुसरीकडे नाही.

विद्यार्थी म्हणतो, 'मी चिठ्ठी लिहिला.' शिक्षक म्हणतो, 'अच्छा, चिठ्ठी लिहिलीत? कोणाला?' विद्यार्थी म्हणतो, 'मित्राला.' शिक्षकाला वाटतं, सुधारलं. विद्यार्थ्याला वाटतं, सर गप्पा मारताहेत. 'लिहिली' हा शब्द त्याच्या कानावरून गेला, पण बोलताना तो त्याच्या तोंडून आलाच नाही. चूक न दाखवता शिक्षकाने तेच वाक्य बरोबर करून म्हणणं, याला रीकास्ट म्हणतात. रॉय लिस्टर आणि लीला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या प्राथमिक फ्रेंच इमर्शन वर्गांतलं, म्हणजे शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांतलं संभाषण तपासलं. शिक्षकांच्या सुधारणांपैकी ५५ टक्के रीकास्ट होत्या, पण त्यांच्यानंतर विद्यार्थ्याने काहीतरी प्रतिसाद दिला असं फक्त ३१ टक्के वेळा झालं. नेमका शब्द विचारणं किंवा 'पुन्हा सांगा' म्हणणं यांना प्रतिसाद कितीतरी जास्त मिळाला.

याचा अर्थ रीकास्ट वाईट असा काढू नका. बोलण्याची लय मोडू द्यायची नसेल तिथे ती बरी. भूमिकेत एवढं सांगा : कोणती चूक सोडून देता, कोणती तिथल्या तिथे थांबवता, कोणती शेवटी फळ्यावर घेता. अर्थ बदलणारी चूक आणि नुसती कानाला खटकणारी चूक यांना वेगळी वागणूक देत असाल तर तेही लिहा.

१०. मी वर्गात विद्यार्थ्यांची मातृभाषा वापरतो. हे लिहिलं तर अर्ज बाद होईल का?

न लिहिता डेमोत, म्हणजे निवडीआधीच्या नमुना-तासात सापडलात तर जास्त वाईट. 'गरजेनुसार वापरतो' हे मोघम आहे, गरज म्हणजे काय ते सांगा. 'खेळाची रीत मातृभाषेत तीस सेकंदांत सांगतो, हातवाऱ्यांनी पाच मिनिटं घालवत नाही. पण बसा, वही उघडा, पुन्हा म्हणा, हे पहिल्या दिवसापासून शिकायच्या भाषेतच' अशी हद्द आखलेली असली की बहुतेकांना पटते.

दोन अपवाद. जाहिरातीत 'फक्त लक्ष्यभाषेतून', म्हणजे शिकायच्या भाषेतूनच, असं स्पष्ट लिहिलं असेल तर प्रश्न १४ पाहा. आणि वर्गात वेगवेगळ्या भाषांचे विद्यार्थी असतील तर तुमची सोय एकाला कळते आणि दुसरा बाहेर पडतो. तेव्हा काय करता हे लिहिल्याशिवाय हा मुद्दा काढू नका.

११. मला शिकवण्याचा अनुभवच नाही. काय लिहू?

भविष्यकाळात लिहू नका. 'मी असं करीन, तसं करीन' अशी दोन पानं कोणी वाचत नाही. प्रशिक्षणातले सराव-पाठ, एखाद्याची घेतलेली खासगी शिकवणी, मित्राला परीक्षेआधी समजावलेले उच्चार, हे सगळं धरतात, फक्त ते होतं तेवढंच सांगा. शिकणारा म्हणून आलेला अनुभवही मोठा ऐवज आहे. एखादी परकी भाषा शिकताना तुम्ही कुठे अडलात आणि कशाने सुटलात, ते लिहा. मात्र 'मला असं जमलं म्हणून सगळ्यांना जमेल' इथवर जाऊ नका. तुम्हाला भाषांची आवड आहे म्हणून तर तुम्ही हा अर्ज करताय. समोरच्या बाकावरच्याला ती असेलच असं नाही.

काहीच नसेल तर आधी दोन-तीन तास शिकवून या. एका विद्यार्थ्याला तीन वेळा शिकवलं तरी प्रश्न ४ मधली पद्धत लागू होते.

१२. जी भाषा शिकवतो ती माझी मातृभाषा नाही. हे सांगावं की झाकावं?

झाकायचं काही कारण नाही, आणि माफी तर मुळीच मागू नका. सीईएफआर, म्हणजे ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्यांची युरोपीय चौकट, २००१ मध्ये आली तेव्हा तिच्या काही वर्णनांत 'मूळ भाषकासारखं' अशी तुलना होती. २०२० च्या पूरक आवृत्तीत ती काढली गेली.

तुमचं बळ नेमकं कुठे आहे ते लिहा. ती वाट तुम्ही स्वतः चालून गेला आहात. कोणता स्वर ऐकू येत नाही, कोणतं शब्दयोगी अव्यय दोन वर्षं चुकतं, मातृभाषेतला कोणता शब्द फसवतो, हे तुम्हाला माहीत आहे. मग कमतरता कशी भरता हे एका वाक्यात : वेगवेगळ्या भाषकांचे ऑडिओ, किंवा शंका आली की कोणता कोश पाहता. पातळीचं प्रमाणपत्र सीव्हीत जातं.

१३. 'माझी पद्धत परिणामकारक आहे' हे सिद्ध कसं करायचं?

सिद्ध करायला कोणी सांगत नाही. तुम्ही तपासता, एवढं दिसलं पाहिजे. 'विद्यार्थ्यांना माझे तास आवडतात' हा पुरावा धरला जात नाही. आवडलेल्या तासातून काहीच न शिकता माणूस घरी जाऊ शकतो.

साधे उपाय पुरतात. पहिल्या आणि बाराव्या आठवड्यात त्याच विषयावर एक मिनिट बोलायला लावून रेकॉर्ड करणं. तासाच्या शेवटी चिठ्ठीवर 'आज काय कळलं नाही' हे एका ओळीत. चुकांची वही, त्यात महिन्यापूर्वीची चूक आज पुन्हा दिसते का. आणि या तपासणीमुळे तुम्ही काय बदललं याचं एक उदाहरण. ते नसलं तर तपासणी नावापुरती वाटते.

टक्केवारी जपून लिहा. आठजणांच्या वर्गात '२५ टक्के सुधारणा' म्हणजे दोन माणसं. सरळ 'आठांपैकी दोघे' म्हणा. विद्यार्थ्यांची नावं कधीच नकोत. नाव गाळलं तरी 'गटातली एकमेव वकील' असं लिहिलं की ओळख पटते, तेही बदला. रेकॉर्डिंग जोडायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, अल्पवयीन असतील तर पालकांची.

१४. संस्थेची पद्धत माझ्या मताशी जुळत नाही. भूमिका बदलू का?

कुठे जुळत नाही ते आधी पाहा. पुस्तक त्यांनी ठरवलेलं आहे, परीक्षेची तयारी करून घ्यायची आहे, तासात मातृभाषा चालत नाही, या अटी झाल्या. अटींत राहून तुमचं मत कसं उतरतं ते लिहायचं असतं. परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या वर्गातही जोडीने बोलणं बसतं : नमुना-उत्तर दोघांनी मिळून तपासायचं आणि गुण का कापले हे एकमेकांना सांगायचं.

मत गाळता येतं, उलटं करू नये. तुम्हाला पाठांतर पटत नसेल तर त्या अर्जात तो परिच्छेद घेऊ नका. 'पाठांतर हा पाया आहे' असं मात्र लिहू नका, कारण नोकरी लागली तर रोज तेच करावं लागेल. तिन्ही मुख्य मतं गाळावी लागत असतील, तर तो अर्ज न केलेला बरा.

१५. एकच भूमिका सगळीकडे पाठवली तर?

गाभा एकच ठेवा, उदाहरणं बदला. लहान मुलांच्या जागेला वीस मिनिटं जोडीने चर्चा हे उदाहरण हास्यास्पद वाटतं. तिथे पाच-सात मिनिटांत बदलणारे उपक्रम आणि दंगा झाल्यावर काय करता, हे यायला हवं. प्रौढांच्या वर्गाला लोक दमून येतात आणि गैरहजेरी असते, तेव्हा बुडालेला तास कसा भरून काढता ते सांगा. ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद असलेल्या विद्यार्थ्याचं काय, हा प्रश्न येणारच. विद्यापीठात अभ्यासक्रम आखण्याबद्दलही दोन ओळी लागतात.

आणि हो, मागच्या संस्थेचं नाव मजकुरात राहून गेलं नाही ना, ते शोधा. फाइलच्या नावातही.

१६. भूमिका कोणत्या भाषेत लिहायची : जाहिरातीच्या की शिकवायच्या?

सांगितलं नसेल तर जाहिरातीच्या. शिकवायच्या भाषेत मागितली असेल तर ती भाषाचाचणीही आहे असं समजा आणि त्या भाषेच्या जाणकाराकडून एकदा तपासून घ्या. मराठीत लिहून शब्दशः भाषांतर केलेला मजकूर लगेच ओळखू येतो. टिपणं मराठीत चालतील, मसुदा त्या भाषेतच सुरू करा.

१७. एआयकडून लिहून घेतलं तर काय बिघडतं?

संस्थेने मनाई केली असेल तर विषय संपला. नसेल तरी अडचण अशी की त्याच्याकडे तुमची पाठटाचणं नाहीत, त्यामुळे प्रश्न ६ मधल्या पहिल्या परिच्छेदाचंच सुबक रूप मिळतं. उलटा उपयोग जास्त चांगला : आपले दहा निर्णय त्याला द्या आणि 'प्रत्येकावर मला खोचक प्रश्न विचार' म्हणा. उत्तरं तुम्ही लिहा. शुद्धलेखन तपासायलाही हरकत नाही.

१८. डेमो तास आणि मुलाखतीत या कागदाचं काय होतं?

तो हातात धरून तुमचा डेमो पाहिला जातो असं समजूनच तयारी करा. 'माझ्या वर्गात विद्यार्थी जास्त बोलतात' असं लिहून वीस मिनिटांच्या डेमोत अठरा मिनिटं स्वतः बोललात, तर कागद तुमच्याविरुद्ध जातो. वीस मिनिटांत सगळी मतं दाखवायला जाऊ नका. एक निवडा आणि ते ठसठशीत दिसू द्या.

घाबरल्यावर सगळ्यांचीच एक चूक होते : प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देणं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांब झाली आणि जास्त मुलं बोलू लागली. परक्या भाषेत तर वाक्य जुळवायलाच वेळ लागतो. प्रश्न विचारा आणि मनात तीनपर्यंत मोजा.

मुलाखतीत भूमिकेतल्या प्रत्येक परिच्छेदावर दोन प्रश्न धरून चाला : 'हे फसलं असा एक तास सांगा' आणि 'वर्ग दुप्पट मोठा असता तर?' ज्या परिच्छेदाला यांपैकी एकाचंही उत्तर सुचत नाही तो पाठवण्याआधीच काढा.

१९. पाठवल्यानंतर चूक दिसली. दुरुस्त प्रत पाठवू का?

टायपिंगची एखादी चूक असेल तर सोडून द्या. चुकीची फाइल, दुसऱ्या संस्थेचं नाव किंवा तथ्याची चूक असेल तर त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलसोबत नवी पीडीएफ पाठवा, कारणांचा पाढा नको. मत बदललं असेल तर प्रत बदलू नका. मुलाखतीत विषय निघाला की 'तेव्हा असं लिहिलं होतं, आता थोडं वेगळं वाटतं, कारण…' असं सांगा. ते कारण शक्यतो वर्गात घडलेलं काहीतरी असू द्या.